घरच्या हेजसाठी ट्रिमर घेताय? व्होल्ट नंतर, आधी वजन आणि दाते बघा

सरळ मुद्द्यावर येते. माझ्याकडे बॅटरीवर चालणारा हेज ट्रिमर, म्हणजे झुडपांचं कुंपण (हेज) छाटायचं मशीन आहे, १८ व्होल्टचा, ब्लेड ५० सेंटीमीटर, बॅटरी लावून वजन साधारण अडीच किलो, आणि घरच्या कुंपणासाठी याच्यापेक्षा मोठं मशीन घेऊ नका असं मी ओळखीतल्या प्रत्येकाला सांगत असते. ब्रँडचं नाव मुद्दाम पुढे करत नाहीये, कारण एकाच ब्रँडमध्ये अगदी हलकं सुंदर मशीन पण मिळतं आणि हातात धरवत नाही असलं धूड पण मिळतं, त्यामुळे नाव बघून घेतलं की झालं असं इथे होत नाही. काय बघायचं ते कळलं पाहिजे, म्हणून हा एवढा लांबलचक रिव्ह्यू.

पहिली चौकशी सगळे पॉवरची करतात. किती वॅट, किती व्होल्ट, आणि जास्त आकडा म्हणजे जास्त चांगलं असं धरून चालतात. पण आपण कापतो काय ते बघा ना. गेल्या छाटणीनंतर आलेली नवीन फूट, कोवळ्या काड्या, जास्तीत जास्त पेन्सिलीएवढ्या जाड. त्याला ताकद फार लागतच नाही. मशीन हात लांब करून, छातीच्या उंचीवर, कधी खांद्याच्या वर धरून सलग फिरवता आलं पाहिजे, हे खरं लागतं. अडीच किलो आणि साडेतीन किलो हा फरक कागदावर एक किलोचा दिसतो, पण ते वजन अंगाजवळ नसतं, समोर लांब धरलेलं असतं, आणि वर ते डावीकडून उजवीकडे सारखं फिरवायचं असतं, त्यामुळे थोड्याच वेळात तो एक किलो खांद्याला आणि मनगटाला बरोब्बर कळतो. आणि हात दमला की पहिली गोष्ट काय होते, ब्लेड खाली झुकतं आणि हेजच्या वरच्या सपाट भागात खड्डा पडतो. तो खड्डा भरून यायला कित्येक आठवडे जातात. म्हणजे वजन हा फक्त आरामाचा विषय नाही, हेज सरळ दिसणार की नाही ते त्याच्यावरच ठरतं.

म्हणून घेण्याआधी मशीन हातात घेऊन बघाच, आणि बॅटरी लावूनच बघा. दुकानात लटकवून ठेवलेल्या मशीनला बऱ्याचदा बॅटरी नसते, आणि डब्यावर छापलेलं वजन पण कधीकधी बिनबॅटरीचंच असतं, तेव्हा ते विचारून घ्या. दोन्ही हातांनी धरायचं, ब्लेड आडवं करायचं, मग उभं करायचं, मग डोक्याच्या उंचीपर्यंत नेऊन थोडा वेळ तसंच धरून ठेवायचं. पुढची मूठ धरली की मशीनचं तोंड आपोआप खाली जात असेल तर बॅलन्स पुढे आहे, कितीही हलकं असलं तरी ते दमवणार. चांगल्या मशीनमध्ये बॅटरी मागे आणि ब्लेड पुढे असं वजन वाटलेलं असतं आणि पुढच्या मुठीवर ते जवळजवळ तोलून राहतं. आणखी एक, बायकांनी तर हे नक्की बघा, मागच्या मुठीवरचा खटका तुमच्या बोटांना आरामात दाबता येतोय का. काही मुठी इतक्या जाड असतात की लहान हाताच्या माणसाला खटका टोकाच्या बोटांनी ओढून धरावा लागतो आणि मग पंजा आखडतो. हे कुठल्याही स्पेसिफिकेशनच्या तक्त्यात लिहिलेलं नसतं, हातात घेतल्याशिवाय कळत नाही.

आता दाते, हा माझा आवडता विषय. ब्लेडच्या दोन दात्यांमधली जी फट असते ना, तिच्यावरून मशीन कुठल्या कामाचं ते ठरतं. घरगुती मशीनमध्ये ती साधारण १५ ते २० मिलिमीटर असते, मोठ्या कामाच्या मशीनमध्ये २५, ३० आणि त्याच्याही वर जाते. बॉशच्या काही मॉडेलांच्या नावातच हे दिलेलं असायचं, एएचएस ४५-१६ म्हणजे ब्लेड ४५ सेंटीमीटर आणि फट १६ मिलिमीटर, एएचएस ५०-२० म्हणजे ५० आणि २०. बाकीच्या कंपन्यांचं माहितीपत्रकात शोधावं लागतं. पण १६ ची फट म्हणजे १६ मिलिमीटर जाडीची फांदी कापेल असं समजू नका. फटीत फांदी शिरली पाहिजे, मग दाताने ती चावली पाहिजे. कोवळी हिरवी काडी असेल तर फटीच्या जवळपास जाडीची पण जाते, पण जुनी वाळलेली लाकडासारखी कडक फांदी असेल तर करंगळीएवढ्या जाडीलाच मशीन अडायला लागतं. म्हणून आधी तुमच्या हेजपाशी जा, पानं बाजूला करा आणि जिथून तुम्हाला कापायचंय त्या पातळीवरची फांदी बोटांच्या चिमटीत धरून बघा. ती चिमूटच तुम्हाला मशीन सांगेल.

फट मोठी घेतली तर चांगलंच की, असं वाटेल, पण तसं नाहीये. मोठ्या फटीच्या मशीनमध्ये बारीक कोवळ्या काड्या नुसत्या वाकतात, निसटतात आणि पुन्हा उभ्या राहतात, तोच पट्टा दोनतीनदा फिरवावा लागतो. बारीक दात्यांचं, जोरात चालणारं ब्लेड कोवळी फूट एकदम साफ कापतं. स्टिलसारखी कंपनी तर व्यावसायिक पेट्रोल मशीनमध्ये दोन वेगळे प्रकारच ठेवते, नावापुढे आर असलेलं जाड फांद्या खाली आणायला आणि टी असलेलं फिनिशिंगला. आपल्या घरच्या कामात नव्वद टक्के फिनिशिंगच असतं. मधूनअधून एखादी जाड फांदी आली तर ती सिकेटरने (फांद्या कापायच्या कात्रीने) किंवा छोट्या करवतीने वेगळी कापायची, तिच्यासाठी मशीन मोठं घ्यायचं नाही.

ब्लेडची लांबी घरासाठी ४५ ते ५५ सेंटीमीटर पुरते. त्याच्यावर गेलात की वजन पुढे वाढतं, आणि लांब ब्लेडने कोपऱ्यात, फाटकाच्या खांबाजवळ, गोल झुडुपाभोवती काम करायला त्रास होतो. फक्त हेज खूप लांब आणि सरळ असेल किंवा वरचा भाग इतका रुंद असेल की एका बाजूने हात पोचत नाही, तर ६० वगैरे घ्यायला हरकत नाही. दोन्ही पाती सरकणारं ब्लेड आहे का ते मात्र विचाराच. काही स्वस्त मशीनमध्ये एकच पातं हलतं आणि दुसरं जागच्या जागी असतं, त्याने हाताला झिणझिण्या येतात. दोन्ही पाती एकमेकांच्या उलट दिशेने सरकली की हादरे बरेचसे एकमेकांना मारतात, मशीन शांत वाटतं आणि कापही स्वच्छ येतो. ब्लेडच्या टोकाला धातूचं किंवा प्लास्टिकचं बोथट टोपण असेल तर अजून छान, भिंतीला किंवा जमिनीला टोक लागलं तरी दाते वाचतात.

बॅटरीचं गणित लोकांना उगाच अवघड वाटतं. १८ व्होल्ट आणि २० व्होल्ट मॅक्स ही दोन वेगळी मशीन नाहीत बरं का, एकच आहे ते. आत पाच सेल ओळीने जोडलेले असतात, प्रत्येकाचा सरासरी ३.६ व्होल्ट धरला तर १८ होतात, आणि पूर्ण चार्ज झाल्यावर प्रत्येक ४.२ च्या आसपास जातो म्हणून २१ च्या जवळ, त्याला काही जण २० मॅक्स म्हणून विकतात. तसंच ३६ आणि ४० मॅक्सचं. तेव्हा २० म्हणजे १८ पेक्षा वरचं, असं कोणी सांगितलं तर सोडून द्या. खरी तुलना करायची तर व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर करा, वॅट-अवर येतात. १८ व्होल्ट २ अँपिअर-अवर म्हणजे ३६, आणि ४ अँपिअर-अवर म्हणजे ७२. टाकी केवढी आहे ते हा आकडा सांगतो. फक्त मोठी टाकी जड पण असते, आणि इथे परत वजनाचाच मुद्दा येतो. माझा अनुभव सांगते, एका मोठ्या बॅटरीपेक्षा दोन छोट्या बऱ्या. एक चार्जिंगला, एक मशीनमध्ये, आणि हात हलका राहतो. डब्यावर जे एवढी एवढी मिनिटं चालेल असं लिहिलेलं असतं ते बहुतेक वेळा मशीन मोकळं फिरवून मोजलेलं असतं, दाट हेजमध्ये तेवढं मिळत नाही, तेव्हा त्यावर हिशोब मांडू नका.

घरात आधीच बॅटरीचं ड्रिल वगैरे असेल तर त्याच सिस्टिममधला ट्रिमर घेणं शहाणपणाचं, नुसतं मशीन बिनबॅटरीचं मिळतं आणि बॅटरी आहे तीच वापरता येते. मकिताची १८ व्होल्ट एलएक्सटी बॅटरी ड्रिललाही चालते आणि ट्रिमरलाही. पण एकाच कंपनीची आहे म्हणून बसेलच असं नाही हं. बॉशचं हिरवं आणि निळं दोन्ही १८ व्होल्टमध्ये येतं पण बॅटऱ्या एकमेकांत बसत नाहीत, हिरवं घरगुती आणि निळं प्रोफेशनल अशा दोन वेगळ्या लाइनी आहेत त्या. आणि काही मशीनमध्ये बॅटरी आतच बसवलेली असते, जसं स्टिलचा एचएसए ४५. ते हलकं असतं, लहान बागेला मस्त, पण चार्ज संपला की काम तिथेच थांबवायचं, दुसरी बॅटरी घालायची सोय नाही. दोनचार झुडुपं आणि छोटी हेज असेल तर घ्या, लांब कुंपण असेल तर नको.

वायरवाला इलेक्ट्रिक ट्रिमर वाईट नाही, उलट चांगलाच आहे. कुंपण प्लगपासून जवळ असेल, तर कमी खर्चात चांगलं काम होतं, चार्जिंगची वाट नाही, बॅटरी म्हातारी होण्याचं टेन्शन नाही. ४०० ते ६०० वॅटची मोटर घराला भरपूर झाली. त्रास एकच, ती वायर. कापता कापता वायर पानांत लपते आणि ब्लेड तिच्यावर जायला क्षण लागत नाही. त्यामुळे वायर खांद्यावरून मागे टाकायची, प्लगच्या जवळून कापायला सुरुवात करून प्लगपासून लांब लांब जात राहायचं म्हणजे वायर कायम कापून झालेल्या बाजूला राहते. एक्स्टेंशन बाहेर वापरायची जाड वायरची घ्या, घरातली बारीक लांबलचक एक्स्टेंशन लावली की व्होल्टेज पडतं, मोटर गरम होते. आणि ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी (वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारं स्विच) सर्किटमध्ये असल्याशिवाय वायरवालं मशीन बागेत चालवूच नका, ही गोष्ट मी अगदी हात जोडून सांगते. पाऊस पडून गेल्यावर ओल्या पानांत तर कुठलंच मशीन नको.

पेट्रोलबद्दल थोडक्यात. टू-स्ट्रोक इंजिन, वजन पाच किलोच्या आसपास, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं (बऱ्याच इंजिनांना ५० ला १, म्हणजे लिटरला २० मिली), धूर, हादरे, आणि आवाज एवढा की कानाला मफ लावल्याशिवाय चालत नाही. वर पेट्रोल टाकीत ठेवून मशीन काही महिने पडून राहिलं की कार्बोरेटरमध्ये चिकट थर बसतो आणि पुढच्या वेळी दोरी ओढून ओढून हात दुखतो पण इंजिन काही चालू होत नाही. रोज दिवसभर हेज कापणाऱ्या माळ्याला ते ठीक आहे. वर्षातून मोजक्या वेळा वापरणाऱ्या घराला अजिबात नाही.

आता वापरताना काय दिसलं ते. माझ्या मशीनचं ब्लेड कोवळ्या फुटीत नुसतं घासून नेलं की पुरेसं आहे, दाबावं लागत नाही. बाजू कापताना खालून वर असा कमानीसारखा हात फिरवायचा, वरून खाली नाही, म्हणजे कापलेली पानं अजून न कापलेल्या भागावर पडून आड येत नाहीत. वरचा भाग कापायला दोन काठ्या रोवून दोरी ताणायची, नुसत्या नजरेवर कधीच सरळ येत नाही. आणि हेज खाली थोडी रुंद, वर थोडी अरुंद ठेवायची. उभ्या भिंतीसारखी किंवा वरून रुंद ठेवली की वरची पानं खालच्यांचं ऊन खातात, आणि खालचा भाग हळूहळू बोडका होतो, मग खालून आरपार दिसायला लागतं. एकदा खालून बोडकी झाली की भरून आणणं फार जिकिरीचं. थुजासारख्या (मोरपंखीसारख्या) झाडांना तर जास्तच जपा, हिरव्या पानांच्या आत जुन्या लाकडापर्यंत कापलं तर तिथे बहुतेक वेळा परत फूट येत नाही. आणि जास्वंदीसारखी मोठ्या पानांची हेज असेल तर ट्रिमर पानं मधोमध फाडतो, कडा नंतर तपकिरी होतात. तिथे मी सिकेटरच वापरते, वेळ लागतो पण झाड छान राहतं. बोगनवेलीच्या जाड काटेरी फांद्या पण ट्रिमरचं काम नाही.

फांदी अडकते तेव्हा काय होतं ते सांगते, कारण खरी भीती तिथे असते. ब्लेड एकदम थांबतं, मोटर घुमल्यासारखा आवाज करते आणि मग मशीन स्वतःच बंद होतं. अशा वेळी हात आपोआप फांदीकडे जातो, तिला ओढून काढायला. तो जाऊ द्यायचा नाही. खटका सोडायचा, बॅटरी काढून खाली ठेवायची, मगच पकडीने फांदी काढायची. अडकलेली फांदी निघाली की दाबून राहिलेलं ब्लेड हलू शकतं, बॅटरी आत असताना बोट तिथे असायला नको. दोन हातांचं स्विच असलेलंच मशीन घ्या, म्हणजे दोन्ही मुठी धरल्याशिवाय ब्लेड चालणारच नाही आणि एक हात सुटला की लगेच थांबेल. काही जण पुढच्या मुठीचा स्विच टेपने बांधून एका हाताने चालवतात, बघूनच अंगावर काटा येतो. शिडीवर चढून पण नको, दोन्ही हात मशीनला लागतात मग शिडी कशाने धरणार? डोळ्यांना गॉगल, हातात मोजे, आणि सुरू करण्याआधी हेजमध्ये एकदा नीट डोकावून बघा, पक्ष्याचं घरटं, गांधीलमाश्यांचं पोळं, जुनी लोखंडी तार, दिव्याची वायर, यातलं काहीही आत असू शकतं. घरटं असेल तर पिल्लं उडून जाईपर्यंत तो भाग मी तसाच सोडते, हेज थोडी वेडीवाकडी दिसली तरी चालते.

ब्लेडची निगा म्हणजे फार काही नाही, पण रोजच्या रोज. काम संपलं की दात्यांवर हिरवट चिकट चीक बसलेला असतो, तो वाळून कडक झाला की ब्लेड जड चालतं आणि बॅटरी लवकर उतरते. बॅटरी काढून चीक ब्रशने आणि फडक्याने पुसायचा, मग पातळ मशीन ऑइलचा हात द्यायचा, बॅटरी लावून दोन सेकंद फिरवायचं म्हणजे ऑइल दोन्ही पात्यांच्या मधे जातं, मग परत बॅटरी काढून ब्लेड म्यानात. धार गेली की नाही हे कापलेल्या काडीवरून कळतं. काडीचं टोक सपाट, पांढरं, स्वच्छ असेल तर धार आहे. टोकाला तंतू लोंबत असतील, साल सोललेली असेल तर धार गेली किंवा दोन पात्यांमधलं अंतर वाढलंय, मशीन कापत नाहीये, चावतंय. तंतू लोंबणाऱ्या टोकांमुळेच दोनतीन दिवसांनी अख्खी हेज वरून तपकिरी दिसते आणि लोक खत कमी पडलं म्हणतात. चपट्या कानशीने दात्याचा आहे तोच कोन धरून घासायचं, घासताना मागच्या सपाट बाजूला आलेली धातूची बारीक कड हलकेच काढायची, बस. आणि बॅटरी ठेवताना पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी करून महिनोन्महिने ठेवू नका, निम्म्याच्या आसपास चार्ज ठेवून थंड कोरड्या जागी, उन्हात तापलेल्या पत्र्याच्या खोलीत तर मुळीच नको. काम करून गरम झालेली बॅटरी लगेच चार्जरला पण लावू नका.

माझ्या मशीनची तक्रार करायची तर, मागची मूठ फिरत नाही. उभी बाजू कापताना मनगट वाकडं करावं लागतं. ९० अंशात फिरणारी मूठ असलेली मशीन मिळतात, जरा जड असतात, पण हेज उंच असेल आणि बाजूच जास्त कापायच्या असतील तर तो जडपणा परवडतो. आणि डोक्याच्या वरच्या हेजला हे मशीन पुरत नाही, सरळ सांगते. त्याला लांब दांड्याचा, तोंड वाकवता येणारा पोल ट्रिमर लागतो, पण त्याचं सगळं वजन दांड्याच्या टोकाला असतं त्यामुळे तो चालवणं हे वेगळंच कष्टाचं काम आहे. त्यापेक्षा हेज हळूहळू दोनतीन हंगामांत खाली आणून खांद्याच्या उंचीवर ठेवता येत असेल तर तेच करा, पुढची सगळी वर्षं सोपी जातात.

पैसे देण्याआधी एवढं विचारून घ्या: ब्लेड सुटं मिळतं का, आणि दोन वर्षांनी या मॉडेलची बॅटरी मिळेल का. मोटर सहसा टिकते, आधी जातात ती ब्लेड आणि बॅटरी, आणि तेवढं एक मिळत नाही म्हणून चांगलं चालणारं मशीन अडगळीत पडलेलं मी बघितलंय. दुकानदाराने या दोन्हीचं नीट उत्तर दिलं नाही तर दुसरं मॉडेल बघा.